फुटलेल्या काचेचा भुर्दंड

पिंपरी-चिंचवडच्या वृत्तपत्रांतील स्थानिक पानावर एक बातमी गेली काही वर्षे इतक्या नियमाने येत आहे, की वाचकाची नजर आता तिच्यावर थांबतही नाही. रात्री उशिरा दुचाकींवरून एक टोळके येते. हातांत कोयते, दांडकी किंवा दगड असतात. वस्तीवर आपली दहशत बसावी एवढ्याचसाठी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारी, टेम्पो आणि रिक्षा फोडून ते पसार होते. ज्याच्याशी त्यांचे वैर असते, तो बहुधा त्या वेळी तेथे नसतोच. मार खातात त्या भलत्याच लोकांच्या गाड्या. काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, चिंचवड, निगडी, केवळ ठिकाणाचे नाव बदलते. पुढे आरोपी पकडले जातात, प्रसंगी त्याच वस्तीतून त्यांची धिंड निघते, तिचे छायाचित्र छापून येते आणि बातमी तेथे संपते. फुटलेल्या काचेचे पैसे शेवटी कोणी भरले, हा प्रश्न त्या बातमीत कधीच नसतो.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. ज्याला मोटार परवडते त्याला काच परवडत नाही काय, असेही कोणी विचारील. परंतु असे विचारणाऱ्याने काळेवाडी पाहिलेली नसावी. पवनेच्या एका तीरावर पिंपरी आणि दुसऱ्या तीरावर हे गाव. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, पाठोपाठ या परिसरात टेल्को, बजाज यांसारखे कारखाने उभे राहिले आणि त्यांतील कामगारांना निवारा हवा म्हणून आसपासच्या गावांतील शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. विजयनगर, नढेनगर, तापकीरनगर, ज्योतिबानगर या वस्त्या अशाच वाढल्या. घरावर मजले चढले, पण गल्लीची रुंदी तेवढीच राहिली आणि वाहनतळ ही कल्पना कोणाच्या नकाशात नव्हतीच. आज तेथे मोटार घेणारा माणूस कारखान्यातला फिटर असतो, शाळेतला शिक्षक असतो, महापालिकेतला किंवा पतपेढीतला कारकून असतो, किंवा मोटार भाड्याने चालवून पोट भरणारा तरुण असतो. गाडी कर्जाऊ असते आणि रात्री ती रस्त्यावरच उभी राहते. ज्या पट्ट्यात देशातल्या असंख्य मोटारी तयार होतात, तेथेच त्या उभ्या करण्यास जागा नाही, ही एक विसंगती झाली. दुसरी अशी, की मोटारींच्या काचा बनविणारा एक मोठा कारखाना याच पट्ट्यात, चाकणच्या वाटेवरील कुरुळी येथे आहे. काळेवाडीत सकाळी झाडूने गोळा होणारी काच कदाचित फार दूरची नसावी!

या हल्ल्यांत मागची काच हमखास जाते, याला काचेचा स्वभावही कारण आहे. मोटारीची पुढची काच दोन थरांची असते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे दगड बसला तरी ती तडकते, जाळे पडते, पण जागेवर राहते. लहानसा टवका उडाला असेल तर त्यात राळ भरून ती वाचविताही येते. मागची काच मात्र बहुतेक गाड्यांत एकथरी असते. ती सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकाएकी थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग आतल्या आत आवळला जातो आणि काचेला बळ येते; पण त्या आवळणीला एका ठिकाणी छेद गेला की सारी काच एका क्षणात खड्याखड्यांचा ढीग होते. माणसाला धारदार तुकड्याची इजा होऊ नये म्हणून केलेली ही योजना आहे आणि ती योग्यच आहे. परंतु तिचा अर्थ असा, की मागच्या काचेची दुरुस्ती नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. ती एक तर अखंड असते, नाही तर नसतेच. काचेतच ऊन धरणाऱ्या बारीक तारा बसविलेल्या असल्या, तर किंमत आणखी वाढते. काच येईपर्यंत गाडीला प्लास्टिकचा कागद चिकटवून फिरावे लागते. हाच ढीग आणि हाच स्वभाव पुढे विम्याच्या युक्तिवादात उपयोगी पडणार आहे.

आता विम्याकडे वळावे. गाडीचा विमा आहे, असे प्रत्येक जण सांगतो. पण कोणता, हे पुष्कळांना काच फुटल्यावरच कळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने जो विमा सक्तीचा केला आहे, तो आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्यापुरता, म्हणजे लोकभाषेत ‘थर्ड पार्टी’. स्वतःच्या गाडीच्या काचेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तिच्यासाठी स्वतंत्र हप्ता भरून स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण घ्यावे लागते. यात २०१८ पासून एक नवी खाच निर्माण झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. अपघातग्रस्तांना भरपाई मिळावी या दृष्टीने तो निर्णय स्तुत्यच होता. पण त्याच कागदावर स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण बहुधा एकाच वर्षाचे असते. गाडी घेताना विक्रेता ‘तीन वर्षे चिंता नको’ असे सांगतो, कागद कपाटात जातो आणि दुसऱ्या वर्षी हा अर्धा विमा कधी संपला ते मालकाला कळतही नाही. रस्त्यावर पोलिसाने अडविले तर त्याचा कागद चोख ठरतो. टोळक्याने काच फोडली तर तोच कागद कोरा.

ज्यांनी हे संरक्षण जागे ठेवले आहे, त्यांच्या बाबतीत विमापत्राची भाषा वाचून प्रथम आनंदच व्हावा. आग, चोरी, दंगल, पूर, अपघात यांच्याबरोबरच दुष्ट हेतूने केलेली नासधूस तीत स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे. एवढेच नव्हे, गाडीच्या इतर भागांवर वयानुसार घसारा कापला जातो आणि रबर व प्लास्टिकच्या वस्तूंची तर निम्मीच किंमत मिळते. पण काचेवर घसारा शून्य. दहा वर्षांच्या जुन्या गाडीच्याही काचेची पूर्ण किंमत देय आहे. काचेभोवतीचे रबर तेवढे निम्मे धरले जाते. दर दाव्यामागे १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि त्याहून मोठीला २,००० रुपये मालकाने स्वतः सोसायचे असतात. एवढे वजा जाता काच विमा कंपनीने बसवून द्यावी, असा हा करार आहे. काचेबाबत विमापत्र इतके उदार असताना काळेवाडीतला मालक दावा न करता गॅरेजवाल्याला रोख पैसे का मोजतो?

तो अडाणी आहे म्हणून नव्हे. तो हिशेबी आहे म्हणून! ज्या वर्षी दावा केला नाही, त्या वर्षानंतर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते, हाच तो ‘नो क्लेम बोनस’. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के, अशी ही चढती शिडी आहे. एक दावा केला की मालक शिडीच्या तळाशी येतो. समजा, एखाद्या शिक्षकाच्या गाडीचा मूळ हप्ता ६,००० रुपये आहे आणि पाच वर्षे दावा न केल्याने तो ३,००० च भरतो. त्याची मागची काच फुटली, खर्च ७,००० आला. दावा केला तर हातात ६,००० येतील. पण पुढल्या वर्षी त्याला ३,००० ऐवजी ६,००० भरावे लागतील, त्यानंतर ४,८००, मग ४,५००, मग ३,९००, मग ३,३०० आणि सहाव्या वर्षी कोठे तो पुन्हा ३,००० वर येईल. या जादा रकमांची बेरीज ७,५०० होते. म्हणजे विम्याने ६,००० दिले आणि पाच वर्षांत ७,५०० काढून घेतले. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते तसा हप्ताही थोडा उतरतो, हे धरले तरी निष्कर्ष फारसा पालटत नाही. उलट ज्याची गाडी नवी आहे, ज्याने अद्याप बोनस मिळविलेलाच नाही, त्याला याच दाव्याची किंमत त्याच मूळ हप्त्यावर ३,००० रुपयेच पडते. तेव्हा जो जितका जुना, जितका सावध आणि जितका सचोटीचा विमेदार, तितका त्याला दावा महाग, असा हा विचित्र न्याय आहे.

बोनसची कल्पना मुळात चुकीची नाही. सावधपणे गाडी चालविणाऱ्याला बक्षीस मिळावे आणि बारीकसारीक ओरखड्यांसाठी लोकांनी कंपनीच्या दारात येऊ नये, हे तिचे दोन हेतू. पण काळेवाडीच्या गल्लीत रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या गाडीचा मालक त्या वेळी घरात झोपलेला असतो. त्याने कोणता सावधपणा दाखवावयाचा राहिला होता? विम्याच्या सर्वसाधारण दावापत्रात अपघाताच्या वेळी चालक कोण होता आणि त्याचा परवाना क्रमांक काय, असे रकाने असतात. उभ्या गाडीला चालक नसतो, एवढी साधी गोष्ट त्या कागदाच्या कल्पनेत बसत नाही. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये बोनसचा जो नियम घातला गेला, तो दावा झाला की नाही एवढेच पाहतो. कोणाच्या दोषामुळे झाला हे पाहत नाही. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याचे दर कंपन्यांना मोकळे झाले, बाजार बदलला, पण शिडी जिथल्या तिथे आहे.

कंपन्यांचे यावर ठरलेले उत्तर असते. जादा हप्ता भरून बोनस राखणारी पुरवणी घ्या, तिची सोय आहेच. सोय आहे हे खरे. काही पुरवण्यांत वर्षाला एखादा दावा बोनसला धक्का न लावता करता येतो. काचेपुरते असे संरक्षणही काही कंपन्या देतात. परंतु गुंडगिरीचे बळी होण्याच्या शक्यतेपोटी नागरिकाने आणखी एक हप्ता भरावा, हे उत्तर व्यापाराचे झाले, न्यायाचे नव्हे. शिवाय ही पुरवणी कशाशी खातात, हे संगणकाच्या पडद्यावर घाईघाईने नूतनीकरण करणाऱ्या माणसाला कोण समजावून सांगणार?

या नियमाचा परिणाम केवळ एका मालकाच्या खिशापुरता राहत नाही. नासधुशीचा दावा करावयाचा तर पोलिसांतील नोंद मागितली जाते, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढणे सामान्य माणसाला नकोसे वाटते. टोळके त्याच वस्तीतले असते. उद्या त्याच गल्लीतून मुलाला शाळेत जायचे असते. अशा वेळी ‘पुढच्या ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला असे लिहा’, हा सल्ला देणारा कोणी ना कोणी भेटतोच. हा सल्ला ऐकणारा दोन प्रकारे फसतो. एक तर खोट्या निवेदनावर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मागच्या काचेवर पुढच्या ट्रकचा दगड कसा आला, हे सांगणे कोणत्याही मालकाला जड जाईल. दुसरे म्हणजे, गुन्हा कागदावरून नाहीसा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा आगळिकीची शिक्षा नुकसानीच्या रकमेवर ठरते. वीस हजारांच्या आतील नुकसानीला सहा महिन्यांपर्यंत, त्यापुढे लाखापर्यंत दोन वर्षांपर्यंत आणि लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा रस्त्यावरच्या पंधरा गाड्या फुटल्या आणि तक्रार दोघांनीच दिली, तर कोणाचा फायदा होतो, हे वेगळे सांगावयास नको. ज्याला दावाच करावयाचा नाही, त्याला तक्रार देण्याचेही प्रयोजन उरत नाही. बोनसचा नियम अशा रीतीने नकळत गुंडांच्या मदतीला धावतो.

येथे कंपन्यांची एक शंका रास्त म्हणून ऐकून घेतली पाहिजे. बोनसचे भय काढून टाकले तर लोक जुनाट, तडकलेल्या काचा नव्या करून घेतील आणि तो खर्च अखेर सर्वांच्याच हप्त्यावर बसेल. पुढच्या काचेपुरती ही शंका खरी आहे. सहा महिन्यांपूर्वीची तड कालची म्हणून दाखविता येते. पण वर सांगितलेला मागच्या काचेचा स्वभाव येथे साक्षीला येतो. तिला जुनी तड नसतेच. ती काल संध्याकाळी अखंड होती किंवा गाडी काचेविना होती, मधली अवस्था नाही. आणि धडधाकट काच फोडून तिच्या जागी तशीच काच बसवून घेण्यात कोणाचा लाभ आहे? पदरचे हजार रुपये घालून, गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवून, हा उद्योग कोण करील? चोरीच्या किंवा आगीच्या दाव्यात लबाडीला जसा वाव आहे, तसा येथे जवळजवळ नाही. पोलीस नोंद, घटनास्थळीचे छायाचित्र आणि त्याच रस्त्यावरच्या इतर गाड्यांची तीच अवस्था, एवढा पुरावा कोणत्याही सर्व्हेअरला पुरेसा व्हावा.

इतर देशांत यावर निरनिराळे तोडगे निघाले आहेत. जर्मनीत काचेची फूट ही अंशतः संरक्षण देणाऱ्या विम्यात मोडते आणि त्या विम्याला दावारहित वर्षांची शिडीच जोडलेली नाही. काच बदलली म्हणून पुढला हप्ता त्या कारणाने वाढत नाही. ब्रिटनमध्ये काचेचा दावा बोनसला धक्का लावीत नाही, अशी तरतूद अनेक सर्वंकष विमापत्रांत असते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा कायदा सर्वंकष विमा असणाऱ्याच्या पुढच्या काचेसाठी मालकाच्या वाट्याची रक्कम माफ करतो. पण तेथेही मागची काच वगळलेलीच! पुढच्या काचेवाचून गाडी चालविता येत नाही, म्हणून तिचा मान मोठा. मागचीला जगभर सावत्र वागणूक दिसते. भारतीय नियम मात्र पुढच्या आणि मागच्या दोन्ही काचांतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असे सांगतात. म्हणजे मागचे दिसणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे, हे कायद्याला मान्य आहे.

मग करावयाचे काय? विमा नियामक प्राधिकरणाने बोनसच्या नियमाला एक अपवाद जोडावा, एवढी लहान मागणी आहे. उभ्या गाडीची तिसऱ्या माणसाने दुष्ट हेतूने केलेली नासधूस, पोलिसांत नोंदलेली, आणि दावा केवळ काचेपुरता. अशा दाव्याने बोनस जाऊ नये. याने कंपन्या बुडणार नाहीत. उलट पोलिसांत नोंद करणे मालकाच्या हिताचे ठरेल आणि शहरात खरोखर किती गाड्या फुटतात, याचा विश्वासार्ह आकडा प्रथमच हाती येईल. जून २०२४ च्या परिपत्रकाने प्राधिकरणाने कागदपत्रांच्या अभावी दावा फेटाळण्यास कंपन्यांना मनाई केली, म्हणजे विमेदाराची बाजू त्याला दिसत नाही असे नाही. पोलिसांनीही अशा रात्रीनंतर फुटलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाकडे स्वतः जाऊन नोंद घ्यावी, आणि त्या नोंदीची प्रत मागण्यासाठी त्याला खेटे घालावे लागू नयेत. महापालिकेच्या वाट्याला दिवे, कॅमेरे आणि वाहनतळ येतात. त्यांविषयी इतके बोलून झाले आहे, की पुनरुक्ती नको.

नियम बदलेपर्यंत मालकाला आपला हिशेब आपणच करावा लागेल. कपाटातला कागद काढून स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण कोणत्या तारखेला संपते, ते आजच पाहावे. संपले असेल तर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केल्यास साठलेला बोनस तरी वाचतो. काच फुटल्यावर खडे झाडून टाकण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, कंपनीला लगेच कळवावे, आणि पावसापाण्याने आतले आणखी बिघडू नये म्हणून गाडी झाकावी, कारण त्यापुढच्या नुकसानीची जबाबदारी विमापत्र मालकावरच टाकते. बोनस ५० टक्के असेल तर दाव्याची एकूण किंमत मूळ हप्त्याच्या सव्वापट आणि बोनस अजून लागला नसेल तर निम्मी, एवढे गणित लक्षात ठेवले की दावा करावा की नाही, हे पाच मिनिटांत ठरते. खर्च त्याहून मोठा असेल, काचेबरोबर पत्राही ठोकला गेला असेल, तर दावा अवश्य करावा. कळविण्यास उशीर झाला एवढ्याच कारणावर कंपनी अडून बसली, तर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोरीच्या एका प्रकरणात दिलेला निर्णय दाखविता येईल. पोलिसांत वेळेवर नोंद असेल, तर कंपनीला कळविण्यातील विलंब हे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे त्यात म्हटले आहे. तरीही दाद लागली नाही, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिनाभर वाट पाहावी आणि मग विमा लोकपालाकडे जावे. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे, तेथे वकील लागत नाही आणि फीही पडत नाही.